मोठ्या गोळीनं काय वेगळं होतं?

सुमनअक्का, मी आज जो काही आहे तो तुझ्यामुळे. हे वाक्य मी तुझ्यासमोर कधी बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "भाषण पुरे दत्तू, भात गार होतोय." म्हणून कधी बोललो नाही. आता तू अडवायला नाहीस, तर बोलून घेतो.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. परवा मी स्टुटगार्टला परतलो. निघायच्या दिवशी सकाळी बसस्टँडसमोर तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिला. मधोमध आपल्या चुलतभावाचा बंटी, हल्ली तो स्वतःला युवा नेता म्हणवतो, काळा चष्मा लावून हात जोडलेला. त्याच्याखाली 'शोकाकुल' म्हणून अकरा चेहरे. त्यातल्या निम्म्यांना तू ओळखत नव्हतीस, आणि दोघांना तू ड्रेसिंग करताना दारूच्या वासावरून झापलं होतंस. वरच्या कोपऱ्यात तुझा फोटो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तोही नर्सच्या गणवेशातला नाही. कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून तुला कापून काढलंय, आणि तुझ्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी चार बोटं तशीच राहिली आहेत.

मला रडू यायला हवं होतं. किळस आली. ती किळस विमानात माझ्याबरोबर आली आणि अजून गेलेली नाही. तिच्यातला थोडा भाग बंटीचा, उरलेला माझा स्वतःचा आहे. तुझ्या शेवटच्या दोन वर्षांत मी एक मोठ्या गोळीचं रिव्हॉल्वर विकत घ्यावं की नाही, यावरून तुझ्याशी भांडत होतो. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं का आपल्याकडे? होतं की.

*

मला इंग्रजी कुणी शिकवलं, असं इथे लोक विचारतात. मी सांगतो, बहिणीनं, औषधांच्या खोक्यातल्या कागदांवरून. त्यांना वाटतं मी विनोद करतोय. तू ड्युटीवरून येताना ते घडी घातलेले पातळ कागद घेऊन यायचीस आणि मला मोठ्यानं वाचायला लावायचीस. शाळेत पोरं मांजर-कुत्र्याचं स्पेलिंग घोकत होती तेव्हा मला 'गर्भवती स्त्रियांनी घेऊ नये' हे इंग्रजीत पाठ होतं. सरांपुढे म्हणून दाखवलं तर मार खाल्ला. तू शाळेत येऊन सरांना म्हणालीस, "चुकलं काय त्याचं? उच्चार चुकला असेल तर सांगा." बापूंना, आपल्या वडिलांना, शाळेच्या फाटकाशी यायचीसुद्धा भीती वाटायची. मोंढ्यात पोती उचलणारा माणूस, त्याला वाटायचं आपण आत गेलो तर पोराचं नाव कापतील. घरातला पहिला पदवीधर मी, पण फॉर्मवर पालकाची सही कायम तुझी.

हॉस्टेलला गेलो तेव्हा तू अट घातलीस. दर रविवारी पत्र. मी म्हटलं, "अगं, फोन आहे की." तू म्हणालीस, "फोनवर तू खोटं बोलतोस. 'जेवलो' म्हणतोस आणि जेवलेला नसतोस. पत्रात तुला जमत नाही." खरंच जमत नव्हतं. हातात पेन आलं की मी सगळं सांगून बसायचो. जर्मनीत आल्यावर पत्रं कमी झाली, फोन वाढला. पुढचं जे झालं ते त्या फोनवरच्या वर्षांत झालं.

*

हेल्मुट माझ्या कंपनीतला. आमचं काम गिअरबॉक्सच्या भागांचं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचं. हेल्मुटला निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, आणि मापाच्या बाबतीत मी पाहिलेला सगळ्यांत प्रामाणिक माणूस. एकदा कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, "नऊ वर्षं झाली तुला इथे. घर, ऑफिस, सुपरमार्केट. फेराइन कुठला तुझा?" फेराइन म्हणजे मंडळ, क्लब. इथे माणूस कुठल्या ना कुठल्या फेराइनमध्ये असतोच. गाण्याचा, फुटबॉलचा, मधमाश्यांचा. नसला तर तो पाहुणाच. हेल्मुटचा फेराइन नेमबाजीचा होता.

मी गेलो. पहिलं दीड वर्ष फक्त पॉइंट टू-टूची छोटी गोळी. मला ते आवडलं, आणि ते आवडणं मी आजही नाकारत नाही. श्वास सोडायचा, थांबायचं, बोट हळूहळू मागे घ्यायचं. कागदाला पेन्सिलीएवढं भोक. तिथली माणसं वक्तशीर, शांत. कुणी बोट चुकीच्या जागी ठेवलं तर सत्तरीचा म्हातारासुद्धा निमूट बोलणी ऐकून घेतो. ख्रिसमसच्या जेवणाला मला ताट वाढताना 'तुला चालतं ना?' असं कुणी विचारलं नाही, इथे आल्यापासून पहिल्यांदाच, कारण त्यांना आधीच माहीत होतं. परदेशात आपल्याला काय चालतं हे कुणाला तरी माहीत असणं, अक्का, ही छोटी गोष्ट नाही.

मग एका रविवारी हेल्मुटनं त्याचं चव्वेचाळीस मॅग्नम, मोठ्या गोळीचं रिव्हॉल्वर, माझ्या हातात दिलं. "एकदा बघ तर."

पहिला बार उडाला तेव्हा धक्का दंडातून दातांपर्यंत गेला. पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. मागे उभे असलेले चौघे हसले, आणि मीही हसलो, मोठ्यानं, तोंड उघडून. असा मी कधी हसत नाही. तू पाहिलं असतंस तर विचारलं असतंस, काय झालं याला. घरी आलो तरी तळहात झिणझिणत होता. मीनलनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान." माझी बायको मला ओळखते, ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

त्यानंतर छोट्या गोळीत माझं मन लागेना. मोठ्या पिस्तुलासाठी इथे नुसती इच्छा पुरत नाही. क्लबात नियमानं सराव हवा, परीक्षा द्यावी लागते, क्लबाच्या वरच्या संस्थेनं गरज आहे असं लिहून द्यावं लागतं, सरकार तुमचं चारित्र्य तपासतं, घरी ठरावीक दर्जाची तिजोरी लागते. मी सगळं करत गेलो. अर्ज भरण्यात मी पटाईत, तूच केलंस तसं.

*

त्याच उन्हाळ्यात तू इथे आलीस. मी तुला क्लब दाखवायला नेलं. मला वाटलं होतं, तिथली शिस्त पाहून तुझा फोनवरचा विरोध गळून पडेल. तू आत शिरलीस ती थेट भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या पेटीकडे. पेटी उघडलीस, पट्ट्यांची मुदत तपासलीस, पुन्हा बंद केलीस.

"पट्ट्या चांगल्या आहेत," म्हणालीस. त्या दिवशी क्लबाची तू केलेली स्तुती एवढीच.

हेल्मुटनं तुझ्यासाठी बायकोनं केलेला आलुबुखाऱ्याचा केक आणला होता. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, वर कानांवर लाल रंगाचे मोठे कर्णरक्षक; तशी तू बाकावर बसलीस आणि केक खात आमचा नेम बघितलास. टू-टूला तू काही बोलली नाहीस. मग हेल्मुटनं चव्वेचाळीस काढलं. पहिल्या बाराला तुझी बशी हलली नाही. डोळाही लवला नाही. हेल्मुट प्रभावित झाला. "तुझी बहीण सैन्यात होती का?"

तू मला म्हणालीस, "त्याला विचार. छोट्या गोळीनंही कागदाला भोक पडतं. मोठ्या गोळीनं काय वेगळं होतं?"

मी विचारलं. हेल्मुट खांदे उडवून हसला आणि एकच शब्द म्हणाला. मजा.

मी तुला भाषांतर करून सांगितलं, "तो म्हणतोय, धक्का जास्त असतो, तो आवरून नेम साधायला जास्त कौशल्य लागतं."

तू केकचा शेवटचा तुकडा संपवलास. "त्याचा शब्द एवढुसा होता रे दत्तू. तुझा फारच लांब झाला."

*

घरी आल्यावर तू बटाटे सोलत होतीस आणि मी तुझ्याशी वाद घालत होतो. आपल्याकडच्यासारखं नाही, अक्का. इथे कंबरेला लावून कुणी मिरवत नाही. इथे कायदा आहे, नोंद आहे, तिजोरी आहे.

"कायदा आपल्याकडेही होता," तू म्हणालीस. "नोंदवहीही होती. नोंद मीच केली होती."

तुला कुठली नोंद म्हणायची होती ते मला माहीत होतं. वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. तू ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला. दुपारी एका लग्नाच्या वरातीतून बँडवाल्याला उचलून आणलं. ट्रम्पेट वाजवणारा, तिशीतला. वरातीत कुणीतरी आनंदानं पिस्तूल झाडलं आणि गोळी याच्या पोटात शिरली. डॉक्टर यायचे होते. तू दोन्ही हातांनी त्याचं पोट दाबून धरलंस. मग दुसऱ्या सिस्टरच्या हातात ते देऊन तू नोंदवही उघडलीस, आणि नवऱ्या मुलाचा मामा आत आला. कंत्राटदार. त्यानं पिस्तूल काढून तुझ्या टेबलावर ठेवलं, कागद उडू नये म्हणून ठेवावं तसं, हळूच. म्हणाला, "सिस्टर, पाइपावर पडला असं लिहा."

तू म्हणालीस, "टेबल आत्ताच पुसलंय. ते उचला."

आणि लिहिलंस, बंदुकीच्या गोळीची जखम, पोट. जिल्ह्याला नेताना तो माणूस वाटेत गेला. महिनाभरात तुझी बदली झाली, दोन एसट्या बदलून जावं लागेल अशा उपकेंद्रात. तीन वर्षं तू तिथे काढलीस आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाहीस. मी त्या दुपारी तुझा डबा घेऊन दवाखान्यात आलो होतो. तो माणूस आत आला तेव्हा मी कुठे होतो, हेही आपण दोघं कधी बोललो नाही.

स्वयंपाकघरात त्या दिवशी मी वाद सोडून तुझ्यावरच घसरलो. म्हणालो, "तुला माझा आनंद बघवत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमाच बघितल्यास, आता सगळीकडे जखमाच दिसतात तुला."

तू सुरी खाली ठेवलीस. पुन्हा उचललीस. "बटाटे एवढे पुरतील ना?" म्हणालीस.

हे वाक्य मी परत घ्यायला हवं होतं. तू आणखी दहा दिवस इथे होतीस. आपण गाडीनं तळं बघायला गेलो, तू मीनलला लोणचं शिकवलंस, विमानतळावर मी तुझ्या पाया पडलो. वाक्य तिथेच राहिलं.

*

पुढच्या वर्षी परवानगी आली. माझ्या शस्त्रपरवान्याच्या कार्डावर नोंद झाली, एक रिव्हॉल्वर, चव्वेचाळीस. वर्षभरात विकत घ्यायचं. मी दुकानात गेलो. दुकानदार तरुण, नम्र, स्वच्छ नखांचा. त्यानं मखमलीवर तीन रिव्हॉल्वर मांडली. तुला खोटं का सांगू, त्यातलं एक इतकं सुंदर बनवलेलं होतं की माझ्यातला इंजिनिअर हरखून गेला. फिरणारं चाक जागेवर बसताना जो आवाज होतो तो मी कामावरही क्वचित ऐकला आहे.

मग त्यानं गोळ्या दाखवल्या. एका प्रकाराबद्दल तो विशेष उत्साहानं सांगू लागला. खणातून एक किल्ल्यांची साखळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. साखळीला अडकवलेली होती झाडलेली गोळी. ही मऊ पदार्थात शिरली की उमलते, तो म्हणाला. खरंच उमलली होती. तांब्याच्या सहा पाकळ्या, बाहेर वळलेल्या, टोकांना धार. "सुंदर, नाही?" तो म्हणाला. "मोठी खरेदी केली की भेट देतो आम्ही."

आधी मला काय दिसलं सांगू? सहाही पाकळ्यांची जाडी एकसारखी आहे, हे दिसलं. किती नेमकं काम, असं मनात आलं. मऊ पदार्थ म्हणजे काय, हे नंतर सुचलं. ट्रम्पेटवाल्याचं पोट आणि कोपरापर्यंत लाल झालेले तुझे हात त्याहूनही नंतर आठवले. या क्रमाची मला किळस येते, अक्का. त्या दुकानदाराची नाही. तो त्याचा माल विकत होता. किळस याची की आठवल्यावरही मी साखळी परत ठेवली, रुमालाला हात पुसला, आणि ते सुंदर रिव्हॉल्वर माझ्या नावानं राखून ठेवायला सांगितलं.

*

खंडेनवमीला सतीशकडे पूजा होती. सतीश लुडविग्सबुर्गला राहतो, आमच्याच क्षेत्रातला, पुण्याचा. इथले आम्ही मराठी इंजिनिअर त्या दिवशी एकमेकांकडे जमतो. कुणी व्हर्निअर आणतं, कुणी लॅपटॉप, एकानं गेल्या वर्षी सायकलचा पंप आणला होता. चौरंगावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडू, आरती, मग श्रीखंड. मला ही पूजा फार प्रिय. बापूंचा पोती उचलायचा लोखंडी आकडा तू याच दिवशी धुऊन पुसून देवापुढे ठेवायचीस.

सतीशकडे स्वतःची दोन रिव्हॉल्वर आहेत. त्यानं ती तिजोरीतून काढून चौरंगावर ठेवली होती, मधोमध, व्हर्निअर आणि लॅपटॉप बाजूला सारून. नळीला झेंडूची माळ, मुठीवर कुंकवाची बोटं.

"अरे, हे असं बाहेर काढायचं नसतं," मी म्हटलं. "परवाना नसलेले लोक आहेत खोलीत. पोरं आहेत."

"रिकामी आहेत रे. शस्त्रपूजा आहे आज! इथे काय पोलीस येणारेत आरतीला?" सगळे हसले. सतीशची बायको ताट घेऊन आली, "भावजी, तुम्ही तरी शंका काढू नका हो, जरा बाजूला व्हा, कुंकू सांडेल."

पोरं रांगेत उभी राहून नमस्कार करत होती. सतीशच्या आठ वर्षांच्या मुलीनं जर्मनमध्ये विचारलं, मी पण हातात घेऊ का? आणि सतीशनं दिलं. तिचं मनगट वजनानं वाकलं. सगळ्यांनी फोटो काढले.

मला त्याच क्षणी निघून जाता आलं असतं. नियम मला माहीत होते, परीक्षा दिली होती. सतीश म्हणाला, "दत्ता, तुझंही येतंय ना आता? ये, सवय कर!" आणि मी ते हातात घेतलं. नुसतं घेतलं नाही. छातीशी आडवं धरलं, हनुवटी वर केली. ही ऐट मला कुणी शिकवली? इथल्या क्लबात असं कुणी उभं राहत नाही. ती ऐट आपल्या गावाची, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची. कुंकू माझ्या अंगठ्याला लागलं.

फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला, तिथून तो घरच्या ग्रुपवर गेला, तिथून बंटीकडे. आठवड्याभरात मी बसस्टँडसमोर दहा फूट उंच झालो होतो. 'जर्मनीचा वाघ.' माझ्या शेजारी बंटी.

तू काय केलंस ते मला तू नाही सांगितलंस. तुझ्याबरोबरच्या कांबळे सिस्टरनी आता सांगितलं. तू ड्युटीवर जाताना रिक्षातून उतरलीस. पर्समधून ड्रेसिंगची कात्री काढलीस. खालच्या दोन दोऱ्या स्वतः कापल्यास, वरच्यांना हात पोहोचेना, म्हणून पानटपरीवाल्याला स्टूल मागितलंस. बंटीचा एक दोस्त आडवा आला, "अहो आत्या, तुमच्याच भावाचा बोर्ड आहे ना हा?" तू म्हणालीस, "म्हणूनच. दुसऱ्याचा असता तर तुला कापायला लावला असता. स्टूल धर." आणि त्यानं धरलं! छप्पन्न वर्षांची बाई भर बाजारात स्टुलावर चढून आपल्या भावाचं तोंड खाली उतरवत होती. कांबळे सिस्टर हे सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. फ्लेक्सची घडी घालून तू ती दवाखान्यात नेलीस आणि गळक्या छपराखालच्या जनरेटरवर पांघरलीस. चित्र आतल्या बाजूला करून.

मला तुझा त्या दिवशी फोन आला. मी लगेच सुरू केलं, "अक्का, तो फोटो म्हणजे, पूजा होती, सतीशनं..."

"पत्र लिही," तू म्हणालीस. "मोठ्या गोळीनं काय वेगळं होतं, ते लिही. फोन ठेवते, पेशंट आलाय."

तुझा आवाज शेवटचा ऐकला तो असा. नंतर तू आजारी पडलीस तेव्हा फोन कायम दुसऱ्या कुणाकडे असायचा.

*

पत्र लिहायला मला नऊ दिवस लागले. ते पोहोचलं तेव्हा तू तुझ्याच दवाखान्यात, पेशंट म्हणून, खिडकीजवळच्या खाटेवर होतीस. कांबळे सिस्टर म्हणाल्या, "त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, चष्मा पुसून दे गं. पुसून दिला. मग तिसऱ्यांदा वाचलं."

"काही म्हणाली?"

"नाही. उशीखाली ठेवलं."

मी पोहोचलो तोवर उशी बदललेली होती. पाकीट कांबळे सिस्टरनी जपून ठेवलं होतं, ते त्यांनी मला दिलं. तू माफ केलंस की नाही, मला माहीत नाही. तुझ्या गप्प राहण्याचे अर्थ लावण्यात माझं बालपण गेलं, आणि ते बहुतेक वेळा चुकायचे. तू मला वाढवलंस, बापूंना शेवटपर्यंत सांभाळलंस, एका अनोळखी माणसाचं पोट फाटलं तेव्हा खरं काय झालं ते लिहिलंस. आणि तुझ्या भावानं जो एकच प्रश्न तुझ्याकडून ऐकला त्याचं उत्तर द्यायला त्याला दीड वर्ष लागलं. एवढं तरी झालं याबद्दल कृतज्ञ राहावं की एवढंच झालं याची लाज धरावी, कळत नाही.

ज्यांनी ज्यांनी तो फोटो पाहिला, त्यांनी हेही वाचावं. म्हणून ते पत्र जसंच्या तसं खाली देतो.

*

तीर्थरूप न लिहिता नुसतं सुमनअक्का लिहितो, तुला हसू येईल,

सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून पत्र. आज दुकानात जाऊन सांगून आलो की रिव्हॉल्वर नको. दुकानदारानं कारण विचारलं, मी म्हटलं, बहिणीला आवडत नाही. तो समजून हसला. पण ते खरं कारण नाही, आणि तुझ्या नावावर ते खपवणं बरोबर नाही.

कंत्राटदार आत आला तेव्हा मी औषधांच्या खोलीत गेलो आणि कडी लावली. डबा माझ्या हातात होता. दाराच्या फटीतून मला टेबल दिसत होतं, तुझा हात दिसत होता, लिहिताना तो थांबला नाही तेही दिसत होतं. तो गेल्यावर मी बाहेर आलो. तू म्हणालीस, "डबा तिकडे ठेव." कडी तू ऐकली होतीस. मला माहीत आहे.

हेल्मुटला त्यात मजा वाटते आणि त्याची मजा खरी आहे. त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. पण मला पहिल्या बाराला तो कंत्राटदार आठवला. दोन वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो की मी त्याच्यावर नेम धरतोय. तसं असतं तर तुला सांगायला लाज वाटली नसती. तसं नव्हतं. मी त्याच्या जागी उभा होतो. पिस्तूल टेबलावर हळूच ठेवणारा हात माझा होता, खोलीतले सगळे गप्प झाले होते, आणि ते मला आवडलं. छोट्या गोळीनं असं होत नाही. मोठ्या गोळीनं एवढं वेगळं होतं. आणि टेबलापलीकडे तू होतीस, अक्का. तुला काढून टाकून ते चित्र मला बघता येईना, आणि तरी मी ते परत परत बघायला दर रविवारी जात होतो.

सतीशला मी सांगितलंय की पुन्हा पोरीच्या हातात दिलंस तर मी स्वतः परवान्याच्या ऑफिसात जाऊन कळवीन. तो बोलत नाही माझ्याशी. कार्डावरची नोंद रद्द करायला गुरुवारी जातोय.

मीनल म्हणते, घेतलं असतंस तरी काही बिघडलं नसतं. तेही खरं आहे. तिजोरीत राहिलं असतं, कुणाला ओरखडाही आला नसता. एवढंच झालं असतं की दर रविवारी दोन तास मी तो माणूस झालो असतो, आणि सोमवारी तुला फोन करून विचारलं असतं, अक्का, जेवलीस का.

तुझा,
दत्ता